भयग्रस्त काळातला वार्ताहर

एप्रिल महिन्याच्या अखेरीस एका अमेरिकन वार्ताहराचा जन्मदिन आणि स्मृतिदिन अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने येतात. एडवर्ड मर्रो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ चा आणि मृत्यू २७ एप्रिल १९६५ चा. जेमतेम ५७ वर्षांच्या या आयुष्यातील अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम आजही पुन्हा पुन्हा आठवला जातो. ९ मार्च १९५४ च्या रात्री मर्रो यांनी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या कार्यपद्धतीचा पंचनामा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मांडला. ज्यांच्या नुसत्या नावाने अधिकारी, सेनापती आणि प्राध्यापक यांची गाळण उडत असे, त्या गृहस्थांचे वर्तन लक्षावधी लोकांनी घरबसल्या पाहिले. ही कथा सांगताना तिला दंतकथेचे रूप देण्याचा मोह अनेकांना होतो. एक निर्भय वीर उभा राहिला आणि त्याने एका घावात राक्षस लोळवला, असे ते रूप. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. मर्रो बोलले ते उशिरा बोलले. बोलण्यापूर्वी त्यांनीही एकदा मान तुकवली होती. बोलण्याची किंमत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोजावी लागली. परंतु जे बोलले ते पुराव्यानिशी बोलले, आणि त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म तेथेच आहे.

मर्रो यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो शहराजवळच्या एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. आईवडील क्वेकर पंथाचे. कष्ट, काटकसर आणि सत्यभाषण यांना त्या घरात धर्माचे स्थान होते. एडवर्ड लहान असतानाच कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील ब्लँचर्ड या गावी गेले. वडील लाकूड वाहून नेणाऱ्या रेल्वेवर इंजिन चालवू लागले. सुट्टीच्या दिवसांत मुलगा जंगलतोडीच्या छावण्यांत मजुरी करी. अशा स्थितीत त्यांनी पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट कॉलेज गाठले आणि १९३० साली पदवी मिळवली. वक्तृत्व हा त्यांचा विषय. आयडा लू अँडरसन या अध्यापिकेने त्यांच्या वाणीला वळण लावले. बालपणीच्या पोलिओने अपंग झालेल्या या विदुषीने शिष्याला शब्दाचे वजन शिकवले, आणि कोठे थांबायचे तेही शिकवले. पुढे लंडनहून बोलताना आरंभीच्या वाक्यात मर्रो जो क्षणभर विराम घेत, तो तिच्याच सूचनेचा परिणाम होता.

पदवीनंतर ते विद्यार्थी संघटनेच्या कामात पडले आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेत साहाय्यक संचालक झाले. जर्मनीत हिटलर सत्तेवर येताच ज्यू आणि उदारमतवादी प्राध्यापकांची विद्यापीठांतून हकालपट्टी सुरू झाली. या विद्वानांना अमेरिकेत आश्रय देण्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिचे साहाय्यक सचिव या नात्याने मर्रो राबले. केवळ जन्मामुळे किंवा मतामुळे माणसाची उपजीविका कशी हिरावली जाते, हे त्यांनी विशीतच अर्जांच्या चळतींतून पाहिले. याच संस्थेने अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी मॉस्को विद्यापीठात उन्हाळी वर्गाची योजना आखली होती. त्या काळी ती एक साधी शैक्षणिक देवाणघेवाण होती. सुमारे वीस वर्षांनी तीच योजना त्यांच्याविरुद्ध आरोपपत्रासारखी वापरली जायची होती.

१९३५ मध्ये मर्रो कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, म्हणजे सी.बी.एस. या नभोवाणी कंपनीत दाखल झाले आणि १९३७ मध्ये युरोपचे प्रमुख म्हणून लंडनला गेले. तेथे त्यांनी आपल्या मदतीला घेतलेला पहिला माणूस म्हणजे विल्यम शायरर. भारतीय वाचकांना हे नाव परके वाटू नये. १९३०-३१ च्या सत्याग्रहाच्या दिवसांत याच शायरर यांनी शिकागोच्या एका दैनिकासाठी गांधीजींच्या चळवळीचे वार्तांकन केले होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा मर्रो एक अख्खे विमान भाड्याने घेऊन व्हिएन्नात पोहोचले आणि तेथून त्यांनी डोळ्यांदेखत घडणारा इतिहास अमेरिकेतील घराघरांत पोहोचवला. १९४० मध्ये लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत असताना ते छपरावर उभे राहून बोलत. विशेषणांची आतषबाजी त्यांच्या बोलण्यात नसे. दुकानाच्या फुटलेल्या काचा आणि आश्रयस्थानाकडे शांतपणे जाणारी माणसे एवढ्यावरून ते युद्ध दाखवीत. बॉम्बफेकी विमानांतून त्यांनी शत्रूच्या प्रदेशावर अनेक उड्डाणे केली. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत जे पाहिले, तेही त्यांनी तशाच संयमाने श्रोत्यांपुढे ठेवले. युद्ध संपले तेव्हा अमेरिकेत त्यांच्याइतका विश्वासार्ह आवाज दुसरा क्वचितच असेल.

या आवाजाची खरी कसोटी मायदेशात लागली. १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्बचा स्फोट केला, त्याच वर्षी चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला आणि १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाने अणुरहस्ये रशियाला दिल्याची कबुली दिली. हेरगिरी होत होती हे खरे. परंतु साप एका बिळात असताना साऱ्या गावाची भुई धोपटण्याचा उद्योग सुरू झाला. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग या गावी केलेल्या भाषणात विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यातील कम्युनिस्टांची यादी आपल्याजवळ असल्याचा दावा केला. यादीतील आकडा पुढे प्रत्येक भाषणागणिक बदलत गेला. यादी मात्र कोणाला दिसली नाही. योगायोग असा की, मॅकार्थी यांचाही जन्म १९०८ सालचाच.

त्याच वर्षी जून महिन्यात ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीतील १५१ व्यक्तींची नावे तिच्यात होती. कोणी एखाद्या निवेदनावर सही केलेली, कोणी एखाद्या सभेला हजर राहिलेले. ही पुस्तिका सरकारची नव्हती, खाजगी मंडळींनी ती काढली होती. तथापि जाहिरातदार ती टेबलाच्या खणात ठेवीत आणि नाव आढळले की त्या माणसाचे काम गुपचूप बंद होई. कोणी हुकूम काढला नाही, कोणावर खटला भरला नाही. फोन येईनासे झाले, एवढेच.

येथे आपल्या वाचकांना एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. पोर्तुगीज राजवटीत १९६१ पर्यंत गोव्यातील वृत्तपत्रांवर उघड सेन्सॉर होता. कोण खोडतो आहे आणि कोणाच्या हुकमावरून, हे लिहिणाराला ठाऊक असे. अमेरिकेत राज्यघटनेने मुद्रणस्वातंत्र्याची हमी दिलेली होती आणि ती कोणी रद्दही केली नव्हती. तेथे सेन्सॉरचे काम मालकाने, जाहिरातदाराने आणि ज्याच्या त्याच्या मनातील धास्तीने केले. अशा अदृश्य सेन्सॉरशी झगडणे अधिक अवघड असते, कारण जाब विचारावा तर कोणाला, हेच कळत नाही.

या अदृश्य यंत्रणेपुढे मर्रोही प्रारंभी नमले, हे नमूद केले पाहिजे. १९४७ मध्ये प्रायोजक गेल्यावर शायरर यांना सी.बी.एस. सोडावी लागली, तेव्हा मर्रो कंपनीचे उपाध्यक्ष होते. त्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले, अशी शायरर यांची भावना झाली आणि ती मैत्री पुन्हा कधी जुळली नाही. पुढे शायरर यांचे नाव ‘रेड चॅनेल्स’मध्ये आले आणि नभोवाणीची दारे त्यांना बंद झाली. डिसेंबर १९५० मध्ये सी.बी.एस.ने प्रत्येक नोकराकडून देशनिष्ठेची प्रश्नावली भरून मागितली. मर्रो यांनी तीवर सही केली आणि विचारायला आलेल्या सहकाऱ्यांनाही सही करण्याचाच सल्ला दिला. त्या आधी, डिसेंबर १९४८ मध्ये, त्यांचे मित्र आणि आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेचे प्रमुख लॉरेन्स डग्गन यांचा चौकशीनंतर काही दिवसांतच उंच इमारतीवरून पडून मृत्यू झाला होता. डग्गन यांनी सोव्हिएत हेरांना माहिती पुरवली होती, असे पुढे १९९० नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसून आले. मर्रो यांना ते ठाऊक नव्हते. पण प्रश्न मित्र निर्दोष होता की नाही एवढाच नव्हता. अपराध ठरवण्याचे काम न्यायालयाचे की वर्तमानपत्री मथळ्यांचे, हा तो प्रश्न होता.

१८ नोव्हेंबर १९५१ रोजी मर्रो आणि त्यांचे निर्माते फ्रेड फ्रेंडली यांनी ‘सी इट नाऊ’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच दिवशी त्यांनी अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन्ही किनाऱ्यांची दृश्ये एकाच वेळी पडद्यावर आणली. या नव्या साधनाचे खरे सामर्थ्य मात्र दोन वर्षांनी प्रकटले. मिशिगन राज्यात मिलो रॅड्युलोविच नावाचा हवाई दलाच्या राखीव दलातील एक तरुण लेफ्टनंट विद्यापीठात शिकत होता. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण त्याचे वडील एक सर्बियन वृत्तपत्र घेत आणि बहिणीची मते डावी होती. एवढ्यावरून त्याला सेवेतून काढण्याचे ठरले. पुरावा म्हणून मोहोरबंद लखोटा होता, आणि तो त्याला किंवा त्याच्या वकिलाला उघडून पाहू दिला नाही. डेट्रॉइटच्या एका दैनिकातील ही बातमी वाचून मर्रो यांनी वार्ताहर जोसेफ वर्शबा यांना तेथे धाडले. २० ऑक्टोबर १९५३ रोजी कार्यक्रम झाला. त्याची जाहिरात करायला सी.बी.एस. तयार नव्हती, म्हणून मर्रो आणि फ्रेंडली यांनी पदरचे दीड हजार डॉलर घालून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ती दिली. तीवर कंपनीचे बोधचिन्हही नव्हते. पडद्यावर त्या म्हाताऱ्या बापाचा चेहरा दिसला, शेजारीपाजारी बोलले, आणि फायलीतील एक क्रमांक माणूस झाला. २४ नोव्हेंबर रोजी हवाई दलाच्या सचिवांनी याच कार्यक्रमात येऊन, रॅड्युलोविच यांना सेवेत कायम ठेवीत असल्याचे जाहीर केले.

त्याच सुमारास मॅकार्थी यांच्या एका तपासनिसाने वर्शबा यांना गाठून १९३५ सालच्या एका वृत्तपत्राच्या पानाची छायाप्रत दिली. मॉस्कोतील त्या उन्हाळी वर्गाची बातमी तीत होती. इशारा उघड होता. मर्रो यांनी तो ओळखला आणि मॅकार्थी यांच्यावरील चित्रफिती जमवण्याचे चालू असलेले काम अधिक नेटाने पुढे नेले.

९ मार्च १९५४ च्या कार्यक्रमाची युक्ती सोपी होती. टीकाकारांची रांग तेथे नव्हती. मॅकार्थी यांचीच भाषणे, त्यांचीच उलटतपासणी आणि त्यांचेच हास्य पडद्यावर येई. मग मर्रो शांतपणे कागद हाती घेत आणि विधान कोठे खोटे ठरते ते नोंदींवरून दाखवीत. शेवटी थेट प्रेक्षकांकडे पाहून त्यांनी सांगितले त्याचा आशय असा की, सरकारशी मत न जुळणे हा देशद्रोह नव्हे, आरोप केल्याने गुन्हा सिद्ध होत नाही, आणि भीतीला थारा देणारे आपण सारेच या स्थितीचे वाटेकरी आहोत. कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी त्यांना अडवले नाही. पण जाहिरातीचा खर्च या खेपेसही मर्रो आणि फ्रेंडली यांनाच सोसावा लागला. नंतर आलेल्या तारा आणि फोन यांत मर्रो यांना पाठिंबा देणारे फार मोठ्या संख्येने होते.

पुढच्याच आठवड्यात ॲनी ली मॉस या पेंटॅगॉनमधील कृष्णवर्णीय कर्मचारी महिलेची मॅकार्थी समितीपुढील साक्ष दाखवण्यात आली. ती कम्युनिस्ट असल्याचे सांगणारा साक्षीदार तिच्यासमोर आणला गेला नाही. मॅकार्थी मध्येच उठून गेले आणि कॅमेरा त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर स्थिरावला. ही महिला कम्युनिस्ट होती की नव्हती हे आपणास ठाऊक नाही, असे मर्रो यांनी स्पष्ट केले. ते दूरदर्शीपणाचे ठरले. १९५८ मध्ये सरकारी मंडळाने पक्षाच्या कागदपत्रांत तिचे नाव असल्याचे सांगितले. परंतु कार्यक्रमाचा मुद्दा त्यामुळे ढळला नाही, कारण तो तिच्या निर्दोषत्वाचा नव्हता. आरोप करणाराला समोर पाहण्याचा हक्क दोषी माणसालाही असतो, हा तो मुद्दा होता.

६ एप्रिल रोजी मॅकार्थी यांनी त्याच कार्यक्रमाच्या वेळेत उत्तर दिले आणि अपेक्षेप्रमाणे मॉस्कोच्या उन्हाळी वर्गाचे जुने भूत उभे केले. मर्रो यांनी त्याला तपशीलवार उत्तर दिले. त्यानंतर २२ एप्रिलपासून सैन्यदल आणि मॅकार्थी यांच्यातील वादाची सुनावणी सुरू झाली. ती अखंडपणे दाखवली ती दुसऱ्या कंपन्यांनी. मर्रो यांची सी.बी.एस. मात्र दुपारच्या मालिका दाखवीत राहिली. ९ जून रोजी सैन्यदलाचे वकील जोसेफ वेल्च यांनी मॅकार्थी यांच्या निर्दयपणाचे माप भर सभेत त्यांच्या पदरात घातले. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांचा निषेध केला. मे १९५७ मध्ये ते वारले.

हे श्रेय एकट्या मर्रो यांचे नव्हे. सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ १९५० मध्येच सभागृहात बोलल्या होत्या. व्यंगचित्रकार हर्बलॉक आणि स्तंभलेखक ड्र्यू पिअरसन हे तर पहिल्यापासून मॅकार्थी यांच्याशी झुंजत होते. आपण उशिरा आलो, याची जाणीव मर्रो यांनाही होती. या उशिराची आणि या लढाईचीही किंमत इतरांनी मोजली. ९ मार्चच्या कार्यक्रमानंतर लगेच बातम्या देताना डॉन हॉलनबेक या सी.बी.एस.च्या वार्ताहराने त्याची उघड प्रशंसा केली होती. हर्स्ट समूहाच्या दैनिकातील एका स्तंभलेखकाने त्यांच्यावर सतत विखारी हल्ले चढवले. आधीच खचलेल्या हॉलनबेक यांनी २२ जून १९५४ रोजी आत्महत्या केली.

मर्रो यांच्या वाट्याला तुरुंग आला नाही, नोकरीही गेली नाही. त्यांची जागा हळूहळू काढून घेतली गेली. १९५५ मध्ये ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीने प्रायोजकत्व सोडले. त्याच उन्हाळ्यात बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांना अफाट लोकप्रियता लाभली आणि त्या वेळेला भाव आला. ‘सी इट नाऊ’ साप्ताहिकाचे अधूनमधूनचे झाले आणि जुलै १९५८ मध्ये बंद पडले. ऑक्टोबर १९५८ मध्ये शिकागो येथे वृत्तसंचालकांच्या सभेत मर्रो यांनी आपल्याच व्यवसायाला खडे बोल सुनावले. दूरचित्रवाणी लोकांना वास्तवापासून दूर ठेवते आहे, बड्या कंपन्यांनी वर्षातून एकदोन वेळा तरी आपला वेळ सार्वजनिक प्रश्नांना द्यावा, अशी त्यांची मागणी होती. पेली यांना ते रुचले नाही. पडद्यामागे मात्र त्यांनी एक जुने ऋण फेडले म्हणावे लागेल. काळ्या यादीत टाकल्या गेलेल्या जॉन हेन्री फॉक या नभोवाणी कलाकाराला यादीवाल्यांवर दावा लावण्यासाठी त्यांनी साडेसात हजार डॉलर दिले. १९६२ मध्ये फॉक यांनी तो दावा जिंकला आणि काळ्या यादीच्या धंद्याचा कणा मोडला.

नोव्हेंबर १९६० मध्ये ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ या कार्यक्रमातून मर्रो यांनी अमेरिकेतील फिरत्या शेतमजुरांची दैना दाखवली. १९६१ मध्ये केनेडी सरकारच्या माहिती खात्याचे ते संचालक झाले, आणि तेथे नियतीने त्यांची थट्टा केली. देशाची अप्रतिष्ठा नको म्हणून, आपलाच हा कार्यक्रम दाखवू नये, अशी विनंती त्यांनी बी.बी.सी.ला केली. बी.बी.सी.ने ती मानली नाही. सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर मर्रो यांच्यासारख्यालाही सत्य अडचणीचे वाटू लागले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेली नाही आणि आपणही लपवू नये. सिगारेट त्यांच्या हातून कधी सुटली नाही. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर १९५५ मध्ये त्यांनीच कार्यक्रम केला होता. त्याच रोगाने १९६३ मध्ये त्यांचे एक फुफ्फुस काढावे लागले आणि दीड वर्षाने पॉलिंग येथील आपल्या शेतावर त्यांनी देह ठेवला.

हॉलिवूडने २००५ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यांच्या नावाने पारितोषिके दिली जातात. पण मर्रो यांचे स्मरण कशासाठी करायचे, याचा विचार प्रत्येक पिढीतील पत्रकाराने आणि वाचकानेही करायला हवा. शत्रूची भीती खोटी नसते आणि तिचा व्यापार करणारे प्रत्येक देशात, प्रत्येक पक्षात निघतात. कधी ते कम्युनिस्टांच्या नावाने बोट रोखतात, कम्युनिस्ट राजवटींत ते इतर नावांनी रोखले गेले. त्यांना उत्तर मोठ्या आवाजाने देता येत नाही, कारण मोठा आवाज हे त्यांचेच हत्यार आहे. लखोट्यात काय आहे, ते उघडून दाखवा, एवढीच मागणी शांतपणे आणि न थकता करावी लागते. ती करायला मर्रो यांना चार वर्षे लागली. ज्यांच्या नोकऱ्या, अब्रू आणि प्राण या चार वर्षांत गेले, त्यांच्या दृष्टीने तो विलंब फार मोठा होता. पुढच्यांनी तो विलंब टाळावा, हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.